छुपा इमोबिलायझर : सातारा-सांगलीत मिळणाऱ्या चार प्रकारांचं परीक्षण

साताऱ्यात काय किंवा सांगली-मिरजेत काय, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "गाडीला इमोबिलायझर बसवायचाय" म्हटलं की चार वेगवेगळ्या वस्तू समोर येतात आणि चारींना नाव एकच. इमोबिलायझर म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं उपकरण. डॅशखाली लपवलेला स्विच आणि रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), खिशातल्या टॅगवर चालणारा डबा, मोबाइलवरून इंजिन बंद करणारा जीपीएस ट्रॅकर, आणि स्टिअरिंगवरच्या बटणांनी पिन मारायचा कॅन-बसवाला, म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या वायरींवर बसणारा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण त्याहून मोठा फरक बसवण्याच्या कामात पडतो. साधा रिले डोकं लावून बसवला तर चोर वैतागून गाडी सोडून जातो. महागडा डबा स्टिअरिंगखाली केबल टायनं लटकवला तर तो दोन मिनिटांत उपसून काढता येतो. म्हणून इथं डब्यापेक्षा कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

गाडीत कंपनीचा इमोबिलायझर असतोच, मग दुसरा कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. चावीच्या डोक्यात एक चिप असते, इग्निशन लॉकभोवतीची कॉइल ती वाचते, आणि कोड जुळला तरच ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजिनला पेट्रोल देतो. जुन्या काळी दोन वायरी जोडून गाडी पळवायचे, तो प्रकार यानं बंद झाला. पण ओबीडी सॉकेटला, म्हणजे मेकॅनिक तपासणीसाठी वापरतात त्या जोडणीला, यंत्र लावून नवी चावी त्याच गाडीला शिकवता येते. बटण-स्टार्ट गाडीत तर चावी घरात खुंटीला असली तरी तिचा सिग्नल दोन डब्यांच्या साहाय्यानं गाडीपर्यंत पोचवता येतो, आणि गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे. घरातून किंवा मंगल कार्यालयात खुर्चीवर टाकलेल्या कोटातून खरी चावीच उचलली, तर कंपनीचा इमोबिलायझर चोराला सलामच ठोकणार. छुपा इमोबिलायझर चावीशी काही बोलत नाही, ती खरी असो वा खोटी. त्याचा सगळा फायदा यातच आहे.

छुपा रिले: स्वस्त, आणि बहुतेकांना पुरेसा

आपल्याकडच्या रस्त्यांवर अजून चावी फिरवून चालू होणाऱ्या, हातानं गिअर टाकायच्या गाड्याच जास्त आहेत. त्यांच्यासाठी आमची पहिली पसंती याच प्रकाराला. पण दुकानात जो सरसकट बसवून देतात तो नको.

सरसकट म्हणजे असं: स्टिअरिंगखाली एक टॉगल स्विच आणि इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची वायर थेट त्यातून. यात तीन खोट आहेत. एक, तो स्विच उतरताना आठवणीनं बंद करावा लागतो, आणि महिन्याभरात माणूस विसरायला लागतो. दोन, पंप साधारण ५ ते ७ अँपिअर ओढतो, तो सगळा करंट त्या चिमुकल्या स्विचमधून जातो. मग स्विच गरम होतो, आतला पत्रा काळा पडतो आणि गाडी एके दिवशी खंबाटकीच्या चढावर आचके द्यायला लागते. तीन, स्टिअरिंगखाली हात घालून चाचपणं हे चोराचं पहिलंच काम असतं.

याऐवजी सांगायचं ते लॅचिंग, म्हणजे स्वतःला धरून ठेवणाऱ्या रिलेचं काम. १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचे पाच पायांचे दोन रिले लागतात. पहिला रिले फक्त धरून ठेवण्यासाठी. रिलेच्या पायांना नंबर असतात. त्यातल्या ३० नंबरला इग्निशनचा प्लस ३ अँपिअरच्या फ्यूजमधून द्यायचा, ८५ ला अर्थ (गाडीच्या बॉडीची निगेटिव्ह), आणि ८७ मधून निघालेली वायर परत त्याच्याच ८६ ला आणून जोडायची. ३० आणि ८६ यांच्यामध्ये छुपं बटण. इग्निशन ऑन करून बटणाला एकदा क्षणभर स्पर्श केला की रिले ओढला जातो आणि स्वतःच्याच ८७ मधून स्वतःला करंट देत राहतो. चावी बंद केली की सुटतो. म्हणजे गाडी बंद करताना काही लक्षात ठेवायला नको, ती आपोआप लॉक होते. दुसऱ्या रिलेची ८६ पहिल्याच्या ८७ वर, ८५ अर्थला, आणि त्याच्या ३० व ८७ मधून पंपाची वायर. गाडी उभी असताना दोन्ही रिले मोकळे, त्यामुळे बॅटरीवर शून्य भार.

दोन रिले का, एकात भागत नाही का? एकात करायला जाणारे फिटर इथंच फसतात. चावी ऑन केल्यावर ईसीयू पंप दोन-तीन सेकंद चालवून बंद करतो, आणि सेल्फ मारल्यावरच पुन्हा सुरू करतो. लॅचचा प्लस पंपाच्याच वायरीवरून घेतला तर त्या दोन सेकंदांनंतर लॅच सुटतो, गाडी चालू होत नाही, आणि मालकाला वाटतं बटण बिघडलं. तशीच दुसरी चूक इग्निशनची वायर निवडताना होते. डॅशखाली 'ऑन'ला जिवंत असणाऱ्या दोन-तीन वायरी असतात, पण त्यातल्या काही सेल्फ मारताना मरतात. रेडिओ, ब्लोअर यांच्या लाइनी अशाच. लॅच त्यावर घेतला की सेल्फ मारताक्षणी सुटणार. मल्टिमीटर लावून चावी 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्ही जागी धरून बघायचं. दोन्हीकडे प्लस असलेलीच वायर घ्यायची. टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरींना लावू द्यायचा नाही, तो नको इतका करंट ओढतो.

प्रत्येक रिलेच्या कॉइलवर, म्हणजे ८५-८६ च्या मध्ये, एक १एन४००७ डायोड हवा, चंदेरी पट्टी प्लसच्या बाजूला. कॉइल सुटताना उलटा झटका मारते आणि तो इग्निशनच्या लाइनवर जातो, जिथं गाडीचे बाकीचे नाजूक भाग बसलेले असतात. हा डायोड दोन-तीन रुपयांचा असतो. फिटर "त्याची काय गरज" म्हणाला तर दुसरा फिटर बघावा.

आता बटण. साधं पुश बटण लपवता येतं, पण दिसतं. त्याहून चांगला रीड स्विच. ही काचेची बारीक नळी असते, आत दोन पत्र्या, बाहेरून चुंबक जवळ आणलं की त्या चिकटतात. ती डॅशच्या किंवा कन्सोलच्या प्लॅस्टिकमागं चिकटवायची. बाहेरून काहीच दिसत नाही, छिद्रसुद्धा पाडावं लागत नाही. चुंबक कप होल्डरच्या सुट्या पैशांत पडलेलं असलं तरी कुणी बघत नाही. कॉइलचा करंट दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास असतो, तो रीड स्विचला झेपतो. मात्र पंपाचा करंट त्यातून कधीही न्यायचा नाही. आणि तो हॉट ग्लूनं चिकटवू नका. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅश साठ अंशांच्या वर तापतो, ग्लू मऊ होतो, नळी सरकते आणि चुंबक कुठं टेकवायचं तेच सापडत नाही. एपॉक्सी किंवा सिलिकॉन वापरा.

कुठली वायर तोडायची

यावर गॅरेजमध्ये वाद होतात, आणि वाद होण्यासारखा विषय आहेच. नुसता सेल्फ तोडला तर सुरक्षित, कारण रिले बिघडला तरी चालती गाडी बंद पडत नाही, फक्त पुढच्या वेळी सेल्फ लागत नाही. पण हातानं गिअर टाकायची गाडी उतारावर सोडून, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की चालू होते. साताऱ्यासारख्या चढ-उताराच्या गावात चोराला उतार शोधावा लागत नाही. नुसता पंप तोडला तर ढकलस्टार्टचा प्रश्न मिटतो, पण पाइपात उरलेल्या प्रेशरवर इंजिन दोन-चार सेकंद धरतं आणि मग मरतं. हे वाईट नाही, चोराला गाडीत बिघाड आहे असंच वाटतं. अडचण एवढीच की रिले चालत्या गाडीत दगा देऊ लागला तर गाडी रस्त्यातच बंद.

आमचं मत असं: मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाडीत पंप, तोही चांगल्या रिलेनं आणि सोल्डर केलेल्या जोडानं. ऑटोमॅटिक गाडीत ढकलस्टार्ट होतच नाही, तिथं सेल्फ पुरेसा. कॉमन रेल (ईसीयूवर चालणाऱ्या नव्या) डिझेलला सेल्फ तोडावा आणि त्या मॉडेलला जमत असेल तर जोडीला ईसीयूला जाणारी एखादी इग्निशन लाइन. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांत मात्र इग्निशन तोडून काही होत नाही, एकदा चालू झालेलं इंजिन वायरीशिवाय चालत राहतं. तिथं पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर धरावी लागते, आणि ती इंजिनमध्ये उघड्यावर असते, म्हणून जाड स्लीव्हमध्ये घालून लपवावी लागते.

पंपाच्या मूळ रिलेची कॉइल-बाजू तोडावी की पंपाला जाणारी जाड वायर? कॉइल-बाजू तोडणं सोपं, करंट थोडा, बारीक वायर चालते. पण बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्या कॉइलवर नजर ठेवून असतो. तिथं तुटलेलं दिसलं की पी०२३० हा बिघाडाचा कोड टाकतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सेल्फच्या रिलेच्या बाबतीत तसाच पी०६१५. दिवा लागला की चोरालाही कळतं आणि सर्व्हिस सेंटरलाही. म्हणून अशा गाडीत जाड वायरच तोडावी, किमान १.५ चौरस मिलिमीटरची, शक्यतो २.५ ची तांब्याची वायर वापरून.

जोड कसे आहेत ते स्वतः बघा. निळे प्लॅस्टिकचे दाबून बसवायचे जोड, ज्यांची पाती वायरीत घुसते, ते गाडीत नकोतच. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडं चार फेऱ्या झाल्या की आतलं तांबं हिरवं पडतं. जोड म्हणजे वायर सोलून, पीळ देऊन, सोल्डर करून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. आणि सगळ्यात शेवटी काळी कापडी टेप, कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) असते तशीच. हे बारीक वाटतं पण महत्त्वाचं आहे. जाणता चोर वायरींच्या जुडग्यात चकचकीत नवी पीव्हीसी टेप शोधतो, कारण ती दिसली की तिथंच काम झालेलं आहे हे त्याला कळतं. उन्हात त्या टेपचा डिंकही सुटतो, तो वेगळा त्रास.

रिलेचा आवाज हीसुद्धा चुगलीच. बटणाला स्पर्श केल्यावर 'टक' असा आवाज शांत पार्किंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो, आणि कान लावला की जागा सापडते. रिलेला फोमची पट्टी गुंडाळून तो कपाटासारख्या पोकळीत न ठेवता भरीव जागी बांधायचा. जागा कोणती, हे इथं लिहिणार नाही, आणि तुमच्या फिटरनंही दर गाडीला तीच जागा वापरू नये. त्याला तसं विचाराच.

टॅगवाला: कुठला टॅग ते आधी बघा

दुकानात दोन प्रकारचे टॅग मिळतात आणि दुकानदार फरक सांगतोच असं नाही. एक २.४ गिगाहर्ट्झचा, आत नाण्यासारखा सेल, बहुधा सीआर२०३२. तो खिशात असला की मीटर-दोन मीटरवरून डबा त्याला ओळखतो. दुसरा १२५ किलोहर्ट्झचा, सेल नसलेला, लपवलेल्या अँटेनाजवळ काही सेंटिमीटरवर नेऊन दाखवावा लागतो.

सोय पहिल्यात, पण भरवसा दुसऱ्यात. पहिल्याचा सेल संपतो, आणि संपण्यापूर्वी रेंज कमी होत जाते, म्हणजे गाडी कधी चालू होते, कधी नाही. मग मालक बॅटरी बदलतो, पंप तपासतो, सगळं करतो. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, सेल बदलून टाकला तर हा प्रश्न येत नाही. दुसऱ्या प्रकारात अँटेना पत्र्याला चिकटवली तर वाचन होत नाही, मध्ये प्लॅस्टिक हवं. आणि दोन्हींना सारखी लागू असलेली गोष्ट: टॅग चावीच्या जुडग्यात अडकवायचा नाही. चावी गेली की टॅगही जातो, मग पैसे कशाला खर्च केले?

टॅगच्या किटात येणारा रिले कसा जोडलाय तेही विचारा. काही किट ८७ए पायावर चालतात, म्हणजे डबा जिवंत असताना वायर तोडतो आणि डब्याचा करंट काढून घेतला की वायर आपोआप जोडली जाते. अशा कामात चोरानं डब्याचा फ्यूज ओढला की गाडी चालू. काम ८७ वरच हवं: डबा मेला की गाडीही मेली.

कॅन-बसवाला: उत्तम, पण प्रत्येक गाडीसाठी नाही

बटण-स्टार्ट गाडी असेल तर याचा विचार करावा. या प्रकारात ऑटोवॉच कंपनीचा घोस्ट सर्वांत माहितीचा. गाडीतली सगळी नियंत्रणं कॅन-हाय आणि कॅन-लो या पीळ घातलेल्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलत असतात. हा डबा त्या दोन वायरींना समांतर जोडून ऐकत राहतो. स्टिअरिंगवरची, काचांची, दारावरची मूळ बटणं तुम्ही ठरवलेल्या क्रमानं दाबलीत तरच इंजिन चालू होऊ देतो. घोस्टमध्ये हा क्रम वीस दाबांपर्यंत लांब ठेवता येतो. वेगळं बटण नाही, दिवा नाही, रेडिओ सिग्नल नाही, 'टक' आवाज नाही. ओबीडीतून नवी चावी शिकवली तरी पिन माहीत नसेल तर गाडी हलत नाही.

अडचण आपल्याकडं बसवण्यात आहे. हे डबे मॉडेलनुसार प्रोग्रॅम केलेले असतात आणि याद्या परदेशी गाड्यांच्या. तुमचं मॉडेल, साल, इंजिन आणि गिअरबॉक्स या चारी गोष्टी यादीत आहेत का, ते लेखी मागा. "जवळपास तसंच आहे, चालतंय" या उत्तरावर पैसे देऊ नका. फिटरकडं स्कॅनर नसेल तर त्याच्याकडं हे काम देऊच नये.

काम झाल्यावर काय तपासायचं तेही माहीत असू द्या. बॅटरी काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर साधारण ६० ओहम यायला हवा, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० चे दोन रोधक समांतर असतात. १२० आला तर एक बाजू तुटली, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. ओबीडीमागं गेटवे (मध्ये बसवलेला वेगळा संगणक) असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा वेगळा येतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. जोड देताना पीळ लांबपर्यंत उकलला किंवा एक वायर सैल राहिली तर यू०१०० सारखे कोड येतात, मीटरवर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे दिवे एकदम लागतात आणि दोन मिनिटांनी विझतात. असं दिसलं की त्याच दिवशी गाडी परत न्या, "आपोआप जाईल" म्हणून थांबू नका.

पिन फिटरनं टाकलेलाच ठेवू नका, घरी येऊन बदला. आणीबाणीच्या कोडचं कार्ड घरी कपाटात. पुष्कळ गाड्यांत हे कार्ड, वायरिंगचा कागद आणि दुसरी चावी तिन्ही ग्लोव्हबॉक्समध्येच सापडतात.

ट्रॅकर घ्या, पण त्याला इंजिन तोडायला लावू नका

जीपीएस ट्रॅकर उपयोगाचा आहे, कारण इमोबिलायझर कुठलाही असो, गाडी उचलून ट्रकवर घातली तर तो काही करू शकत नाही. तिथं फक्त ट्रॅकर कामाला येतो, आणि तोही स्वतःची बॅटरी असलेला आणि इमोबिलायझरपासून लांब लपवलेला. पण मोबाइलवरून चालती गाडी बंद करण्याची सोय घेऊ नका. इंजिन मेलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच दम उरतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. समोरून एसटी येत असेल तर? घ्यायचीच असेल तर चावी बंद झाल्यावर पुढच्या वेळी चालू न होऊ देणारी घ्या. शिवाय त्यात सिम असतं, रिचार्ज संपतो, आणि कोयनेच्या खोऱ्यात किंवा तापोळ्याच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नसतो.

आपल्या भागात काय बिघडतं

बिघाडाची सगळ्यात मोठी दोन कारणं इथलीच आहेत: उंदीर आणि पाणी.

ऊस तुटायला लागला की उंदीर शेतातून घराच्या, शेडच्या दिशेनं येतात, आणि गरम इंजिन त्यांना आवडतं. कंपनीच्या हार्नेसला नालीदार नळी असते, आपल्या नव्या वायरीला नसते, त्यामुळे पहिला दात तिथंच बसतो. इंजिनच्या भागातून जाणारी प्रत्येक नवी वायर नालीदार स्लीव्हमध्येच हवी. शक्य असेल तर सगळं काम केबिनच्या आतच ठेवा.

पाण्याचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, तिथली धोका पातळी ४५ फूट. पूर तर लांबच, साध्या तुंबलेल्या रस्त्यावरही दारातून पाणी आत आलं की कार्पेट आठवडाभर ओलं राहतं. तरीही बरेच फिटर सोपं पडतं म्हणून रिले आणि डबा सीटखाली किंवा पायाशी कार्पेटखाली टाकतात. तिथं टाकू देऊ नका. डॅशच्या वरच्या निम्म्या भागात, वायरीचं तोंड खाली करून बसवा, म्हणजे ओल वायरीवरून डब्यात न जाता खाली ठिबकेल. अर्थ बॉडीच्या बोल्टला रंग खरवडून, रिंग थिंबल लावून घ्यायचा. रंगावरच कसलेला अर्थ पहिल्या पावसाळ्यात सुटतो.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी आणि पिवळ्या नळीतल्या वायरींना हात लागू नये, त्या एअरबॅगच्या असतात.

गाडी ताब्यात घेताना

लॅचिंग रिलेचं नीट काम तीन ते चार तासांचं आहे. अर्ध्या तासात झालं तर कुठं तरी पाट्या टाकलेल्या आहेत. पैसे देण्यापूर्वी फिटरसमोर हे करून बघा. बटण न दाबता तीन वेळा सेल्फ मारा. पंप तोडला असेल तर पहिल्यांदा इंजिन क्षणभर धरेल, पण तिसऱ्या वेळी अजिबात धरता कामा नये. मग इमोबिलायझरचा फ्यूज काढा आणि पुन्हा मारा, तरीही चालू होता कामा नये. मग नेहमीसारखी चालू करून एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून वीस मिनिटं उभी ठेवा आणि रिलेला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. शेवटी गाडी बंद करून, बोनेट उघडं ठेवून पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बंद करून, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा. अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे ईसीयू झोपतील. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा, आणि कामाआधीच्या आकड्यापेक्षा फार तर पाच-दहा जास्त. लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी रोज साडेतीन अँपिअर-अवर गेली तर आठवड्याभरात सेल्फ मारण्याच्या लायकीची राहत नाही, आणि उभ्या गाडीत एक रिले ओढलेला राहिला तर बरोबर तेवढंच जातं.

बायपास, म्हणजे इमोबिलायझर वगळून गाडी चालू करणं, कसा करायचा ते फिटरकडून एकदा स्वतःच्या हातानं करून घ्या. खंबाटकीत किंवा आंबेनळी घाटात रात्री रिले मेला तर पाच मिनिटांत गाडी चालू करता आली पाहिजे. चांगला फिटर पंपाच्या वायरीत एक कपलर (हातानं काढता-लावता येणारा जोड) ठेवतो, तो रिलेतून काढून सरळ जोडला की झालं. काम झाल्यावर त्याला फोटो त्याच्या मोबाइलवर काढू देऊ नका, तुमच्या मोबाइलवर काढा. काचेवर दुकानाचं स्टिकर तर अजिबात नको.

सर्व्हिसिंगला देताना कॅन-बसवाल्यात सर्व्हिस मोड असतो, तो चालू करून द्या. रिलेवाल्यात बायपास जोडून द्या आणि परत आल्यावर काढा. नाहीतर मेकॅनिक चालू न होणाऱ्या गाडीचा पंप बदलून मोकळा होतो. वॉरंटीतल्या गाडीत वायर तोडली की इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी संपेपर्यंत थांबता येत नसेल तर मूळ वायर न कापता दोन्ही बाजूंना कंपनीसारखे कपलर असलेलं हार्नेस मागा.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. पुण्याच्या एआरएआयनं (वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेनं) मान्यता दिलेलं उपकरण बसवून ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला घेतला तर जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर, अडीच टक्के सूट होती, कमाल पाचशे रुपये; आता किती मिळते ते विमा कंपनीलाच विचारा. फिटरनं हातानं जोडलेल्या रिलेवर ती मिळत नसे. आणि गाडी गेलीच तर दाव्यासाठी दोन्ही चाव्या मागतात, म्हणून दुसरी चावी गाडीत ठेवू नका.

घरातल्या किमान दोन माणसांना गाडी चालू करता आली पाहिजे, हे शेवटी सांगायचं राहिलं होतं. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं आणि मालक मुंबईला असला, तर गाडी उंचावर न्यायची कुणी? चुंबकाची जागा किंवा पिनचा क्रम आई-वडिलांना, बायकोला, जो कोणी गाडी हलवणार त्याला प्रत्यक्ष करून दाखवा, दोनदा त्यांच्याकडून करून घ्या. दुसरं चुंबक घरात ठरलेल्या डब्यात ठेवा. आणि महिन्यातून एकदा चुंबक न लावता सेल्फ मारून बघा. गाडी चालू झाली तर रीड स्विच चिकटून बसलेला आहे किंवा बायपास काढायचा राहिलाय.